आत्म्याला तहान लागत नाही

एका जंगलात, मुलांनो, पाणी एक होतं आणि ते प्यायच्या जागा तीन होत्या.

डोंगराच्या कपारीतून एक झरा निघायचा. तो आधी वरच्या डोहात पडायचा. तिथून मधल्या डोहात. तिथून खालच्या डबक्यात. आणि मग वाळूत मुरून जायचा. इतका साधा मामला होता.

पण साधा मामला साधाच ठेवला, तर मोठ्या लोकांनी करायचं काय? म्हणून नियम होता. वरच्या डोहावर मोर, हरणं, सारस आणि वाघ पाटील. मधल्या डोहावर म्हशी, हत्ती, रानडुकरं. खालच्या डबक्यावर गिधाडं. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे तो फारच चांगला नियम असणार.

म्हशी पाणी पीत, म्हणजे पाण्यात बसत. हत्ती पाठ घासून घेत. डुकरं काठ उकरून चिखल आत ढकलत. खाली पोचेपर्यंत त्या पदार्थाला पाणी म्हणायचं, ते केवळ सवयीनं.

तुम्ही म्हणाल, अहो, पण पाणी तर एकच! मलाही लहानपणी असंच वाटायचं. मग दुकानात बसायला लागलो. एकाच पोत्यातली साखर मी दोन बरण्यांत भरायचो. गंमत म्हणून एका बरणीवर चिठ्ठी लावली, 'खास'. भाव तोच. तरी मोठ्या घरच्या बाया खासच मागू लागल्या. एक बाई तर सांगून गेल्या, "त्या दुसऱ्या साखरेला मुंग्या लागतात हो." मुंग्यांना चिठ्ठी वाचता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. गिऱ्हाईक तोडू नये.

असो. या जंगलाचे धर्माधिकारी होते नीळकंठशास्त्री. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो निळ्या पंखांचा पक्षी. आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी जगासाठी विष प्यायलं होतं, असं ते सांगत. त्या भांडवलावर ते स्वतः रोज सकाळी पहिलं पाणी पीत. शाकाहारी होते. नाकतोडे खात, पण नाकतोडा म्हणजे उडणारी भाजी, असा त्यांचा सिद्धांत होता.

दर एकादशीला वरच्या डोहाकाठी त्यांचं प्रवचन व्हायचं. वरचे पुढे बसत, मधले मागे. गिधाडं लांबच्या वठलेल्या सावरीच्या झाडावर. वारा डोहाकडून सावरीकडे असला, तरच त्यांना प्रवचन ऐकू येई. वारा सावरीकडून डोहाकडे असला, की शास्त्री नाकाला तुळशीचं पान लावत.

गिधाडांचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. जंगलात कुणी मेलं, की सावरीकडे निरोप जायचा. गिधाडं यायची, तासाभरात जागा अशी लख्ख करून जायची की तिथे रांगोळी काढावी. पूर्वी कोल्हे आणि तरसंही हेच काम करायची. पण तरसांनी एका भाटाकडून वंशावळ लिहून घेतली. तीत ते वाघाचे चुलतभाऊ निघाले. आता वाघाच्या चुलतभावानं मढं कसं ओढायचं? कोल्ह्यांनी नुसतं आडनाव बदललं. त्यांचं स्वस्तात काम झालं. कावळे पिंडाला शिवत, तो मान होता. ज्याच्या नावाचा पिंड, त्याला शिवणं त्यांच्या दर्जाला शोभत नव्हतं.

उरली गिधाडं.

त्यांत ठकूबाई नावाची एक गिधाडीण होती. तिला एकच पिलू. त्याचं नाव तिनं गोजिरा ठेवलं होतं. गिधाडाचं पिलू गोजिरं नसतं, पण हे आईला सांगणार कोण?

गोजिऱ्याचे डोळे आले. पापण्या अशा चिकटल्या, की उघडेचनात. ठकूबाई चोचीतून पाणी आणायची, डोळे धुवायची. पाणी डबक्यातलं. डोळे आणखी चिकटायचे.

भिवाआजा नावाचं थोरलं गिधाड होतं. त्यानं पिलू पाहिलं. म्हणाला, "ठके, ह्येच्या आधीची तुझी दोन अशीच गेली. डबक्याच्या पाण्यानं. झऱ्याचं पाणी मिळालं तर डोळं उघडतील."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"पंख फुटायला दीड म्हैना हाय. तवर डोळं उघडलं पायजेत. आंधळं गिधाड उडत न्हाई."

चोरून आणावं म्हटलं, तर वर माकडांचा पहारा. मागच्या साली एका गिधाडानं तिथं चोच बुडवली होती. त्याची पिसं उपटून त्याला खाली धाडलं, आणि डोह सात दिवस गोमूत्र शिंपडून शुद्ध केला. गाय नव्हती, नीलगाईवर भागवलं. स्वच्छ पाण्यात ते शिंपडून पाणी अधिक स्वच्छ झालं, असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढच्या एकादशीला वारा बरा होता. प्रवचनाचा विषय होता आत्मा.

"आत्मा एकच आहे," शास्त्री डोळे मिटून म्हणाले. "मुंगीत तोच, हत्तीत तोच. भेद दिसतो, तो निव्वळ भ्रम."

"शास्त्रीबुवा, एक इचारू का?" सावरीवरून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. ठकूबाई होती.

"विचार, ठके. पण तिथूनच."

"माझ्यात आन् तुमच्यात आत्मा एकच?"

"एकच."

"मग पाणी का येगळं?"

शास्त्री मायेनं हसले. "वेडे, आत्म्याला तहान लागत नाही. तहान लागते शरीराला. आणि शरीरं वेगवेगळी आहेत."

सभेत वाहवा झाली. वाघ पाटलांनी शेपटी आपटली. एका सारसाच्या डोळ्यांत पाणी आलं. वरच्या डोहाचं.

"बरं," ठकूबाई म्हणाली. "माझं शरीर असं का?"

"मागच्या जन्मीचं कर्म. मेलेलं खाल्लं असशील."

"म्हंजे मागच्या जन्मी बी मी गिधाडच व्हते?"

"तसं नव्हे..."

"मग कोन व्हते? वाघ? वाघ बी मेलेलंच खातो. आधी मारतो, येवढंच."

पाटील खाकरले. माकडं खाली बघायला लागली. विषय भलतीकडे चालला होता. शास्त्रींनी घाईनं पंख वर केला.

"या जन्मीही सुटका आहे! निषिद्ध आहार सोडा. एकवीस दिवस मेलेल्याला शिवू नका. मग या खुशाल वरच्या डोहावर!"

बांगडीवाला 'फुटली तर बदलून देऊ' अशी पाटी लावतो ना, तसंच हे होतं. फुटलेले तुकडे गोळा करून परत कोण येतं? गिधाड मढं सोडणार नाही, ही शास्त्रींची खात्री.

"शबूद दिला?" ठकूबाईनं विचारलं.

"दिला. पाटील साक्षी."

पाटलांनी जांभई देता देता मान हलवली. झालं.

दुसऱ्या दिवसापासून गिधाडांनी व्रत धरलं. उंबराच्या झाडावर जाऊन बसली. भिवाआजानं एक उंबर फोडलं. आत किडे वळवळत होते.

"ठके, हे चालतं का?"

"चालतं. शास्त्री खातात."

पाचव्या दिवशी वाटेवर एक चितळ मेलं. सावरीकडे निरोप गेला. सावरीवरून निरोप आला, "व्रत हाय." नवव्या दिवशी एक डुक्कर मेलं. तेराव्या दिवशी दोन माकडं. उन्हाळ्याचे दिवस. माशा इतक्या झाल्या, की शास्त्रींचं प्रवचन चालू असताना तोंड उघडायची चोरी.

आता करायचं काय? तरस म्हणाले, "आम्ही पाटलांचे भाऊबंद." कोल्हे म्हणाले, "तुम्ही आम्हाला कोण समजलात?" कावळे म्हणाले, "आधी पिंड ठेवा." मग एक दुर्गंधी निवारण समिती नेमली. समितीच्या तीन बैठका झाल्या. सर्वांनी शक्यतो तोंडानं श्वास घ्यावा, असा ठराव झाला.

सगळ्या जंगलानं नाकं धरली होती. एकट्या सावरीवर मात्र सगळे लांब लांब श्वास घेत होते.

"ठके," भिवाआजा म्हणायचा, "चितळाचा वास काय सुटलाय गं! उंबरानं पोटात नुसता वारा धरलाय."

"आजा, आठ दिस राह्यले."

"मी राहीन का आठ दिस?"

 ठकूबाई गोजिऱ्याकडे बघायची. त्याच्या पाठीवर काळे कोंब फुटायला लागले होते. डोळे मिटलेलेच.

सोळाव्या दिवशी कहर झाला. एक म्हातारा गवा पाणी प्यायला वरच्या डोहात उतरला आणि तिथेच बसला. तो उठलाच नाही. डोंगराएवढा गवा, बरोबर झऱ्याच्या तोंडाशी. दोन दिवसांत फुगला. त्याला धुऊन पाणी वरच्या डोहात, तिथून मधल्या, तिथून खालच्या. जंगलात पहिल्यांदा समता आली.

हत्तींनी ओढून काढायला हरकत नव्हती. पण हत्ती म्हणाले, आम्ही मिरवणुकीचे.

अठराव्या दिवशी शास्त्री स्वतः सावरीखाली आले. जन्मात पहिल्यांदा. मागे पाटील, मागे सगळे.

"ठकूताई," शास्त्री म्हणाले. त्या एकादशीला ती ठके होती. "अहो, आपद्धर्म म्हणून एक गोष्ट असते. संकटात व्रत मोडलं तर दोष नाही."

"मग आपद्धर्म म्हनून आज येक चोचभर पाणी द्या. पोराचं डोळं धुते, लगेच गवा काढते."

"तसं कसं? तुमचं व्रत पुरं कुठे झालंय?"

"मग पुरं करते."

शास्त्री गोरेमोरे झाले. मग आवाज गहिवरून म्हणाले, "ताई, तुम्हाला तुमच्या कामाची थोरवी माहीत नाही. मेलेल्याला गती देणं हा महायज्ञ आहे. आम्ही नुसते मंत्र म्हणणारे. खरे पुरोहित तुम्ही!"

"मग असं करू," ठकूबाई म्हणाली. "येवढा यज्ञ तुमी करा. आमी नाकतोडं खातो."

मागून कुठलं तरी माकड फिस्सकन हसलं. पाटलांनी वळून पाहिलं, तेव्हा सगळी माकडं अत्यंत दुःखी दिसत होती.

पाटील स्वतः पुढे झाले. "ठकूबाई, मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"साक्षीदार," ठकूबाई म्हणाली.

पाटील परत मागे जाऊन उभे राहिले.

तीन दिवस कसे गेले, ते ज्याचं त्याला माहीत. भिवाआजा फांदीला चोचीनं धरून होता. एकविसावा दिवस मावळला. बाविसाव्या दिवशी सकाळी गिधाडं रांगेनं वरच्या डोहाशी येऊन उभी राहिली. पुढे ठकूबाई.

सगळं जंगल जमलं होतं. सगळ्यांना एकच चिंता. ही आता वरच्या पाण्यावर येणार, आपल्या शेजारी! पण शास्त्री शांत होते. शास्त्री शांत दिसले, की समजावं, काहीतरी सापडलंय.

त्यांनी केळीचं पान आणवलं, ठकूबाईच्या खांद्यावर शाल म्हणून टाकलं. लांबून, काडीनं. एक नारळ पुढे सरकवला. आणि म्हणाले, "दिलेला शब्द आम्ही पाळतो. आम्ही तर म्हणतो, नुसतं पाणी पिण्याची परवानगी कशाला? आजपासून अख्खा वरचा डोह गिधाडांचा!"

टाळ्या पडल्या. मग हळूच कुजबूज सुरू झाली, "आणि आपण?"

"आपण," शास्त्री म्हणाले, "खाली जाऊ."

आमच्या बाजारात व्यापाऱ्यांची एक मंडळी होती. बैठकीला सगळे खुर्चीवर बसायचे. एक चांभार गृहस्थ चपलांचं मोठं दुकान काढून बसले, वर्गणी भरली, सभासद झाले. त्यांना खुर्ची द्यावीच लागली. पुढच्या बैठकीला ते आले, तर सगळे शेठ खाली गादीवर बसलेले. म्हणाले, "खुर्चीनं कंबर धरते हो." ते गृहस्थ एकटेच बारा खुर्च्यांमध्ये बसले. पुढे वीस वर्षं शेठ मंडळी मांडी घालून गुडघे चोळत राहिली. मी त्यांना गुडघ्याचं तेल विकलं आहे.

तर शास्त्रींनी खालच्या डबक्याकाठी पहिलं प्रवचन केलं. "नदी मोठी कुठे होते? खाली. समुद्र कुठे असतो? खाली. वरचं पाणी म्हणजे एकटं, अननुभवी पाणी. जिथे सगळी तीर्थं येऊन मिळतात, ते स्थान श्रेष्ठ. इथल्या एका घोटात अख्ख्या जंगलाचं पुण्य आहे."

"म्हशींचंही?" एका मोरानं विचारलं.

"म्हशींचं विशेष."

डबक्याचं नाव महासंगम ठेवलं. पाटलांनी पहिला घोट घेतला. त्यांच्या मिशा ताठ उभ्या राहिल्या.

"शास्त्री, वास येतोय."

"वास शरीराला येतो, पाटील."

मधले मधेच राहिले. मधल्यांचं बरं असतं. वरची बाजू सध्या कुठली, एवढं अधूनमधून विचारून घ्यायचं, आणि तिकडे बघून नमस्कार करायचा.

इकडे वर गिधाडांचं व्रत पुरं झालं होतं. व्रत पुरं झालं, की पारणं आलं. एकवीस दिवसांचं पारणं गव्यानं सुटलं. तासाभरात डोहात गवा नव्हता, फक्त दोन शिंगं उरली. भिवाआजा पोटावर आडवा पडून म्हणाला, "ठके, आता मेलो तरी हरकत न्हाई. पन मरनार न्हाई." मग वाटेवरचं चितळ आणि बाकी सगळं उरकलं. आता घाई नव्हती, चवीनं उरकलं.

झरा वाहताच होता. आठ दिवसांत वरचा डोह असा निवळला, की तळाचे गोटे मोजावेत.

सत्काराचा नारळ ठकूबाईनं फोडला होता. त्याच्या करवंटीत ती झऱ्याचं पाणी भरायची, घरट्यात न्यायची, गोजिऱ्याचे डोळे धुवायची. सकाळी आणि संध्याकाळी. नवव्या दिवशी उजवा डोळा किलकिला झाला. अकराव्या दिवशी दोन्ही उघडले.

गोजिऱ्यानं पहिल्यांदा काय पाहिलं असेल? करवंटीतल्या पाण्यात स्वतःचं तोंड. तो घाबरून मागे सरकला.

"आये, ह्ये कोन?"

"माझा गोजिरा," ठकूबाई म्हणाली. इतके दिवस आवरलेलं रडू तिला तेव्हा आलं.

खाली महासंगमावर पाटलांनी एकदा मान वर करून पाहिलं. "शास्त्री, वरचं पाणी चकाकतंय. जाऊ या का परत?"

"जरूर जा, पाटील. फक्त आता तिथले मूळचे ते. तुम्ही नंतरचे. म्हणजे त्यांच्या मागून प्यायचं."

"मागून?"

"मागून."

पाटलांनी विचार केला. पोटात गुडगुडत होतं. "मग नको," ते म्हणाले.

एके दिवशी भर दुपारी, सगळं जंगल सावलीला पेंगत असताना, वरच्या डोहाशी पानांची सळसळ झाली. ठकूबाईनं पाहिलं. करवंदीच्या जाळीआड निळे पंख दिसले. शास्त्रीणकाकू होत्या. 

"ठकूबाई," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "थोडं पाणी मिळेल का? आमच्या पिलाचे डोळे आलेत. उघडतच नाहीत हो."

 ठकूबाईनं करवंटी भरली आणि पुढे केली.

काकू घुटमळल्या. "ही तुमची करवंटी..."

"नारळ तुमच्या यजमानांनी दिल्याला. शुद्धच आसंल."

काकूंनी करवंटी घेतली. "यांना कळू देऊ नका. हे म्हणतात, आत्म्याला तहान लागत नाही."

"बराबर हाय त्येंचं," ठकूबाई म्हणाली. "आत्म्याचं डोळं बी येत न्हाईत. लेकराचं येतात. न्या तुमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू परत आल्या. त्यांच्या मागच्या झुडपात एक हरिणी होती. हरिणीच्या मागे पाटलीणबाई. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच आलोय. एकमेकींना पाहिल्यावर सगळ्या दचकल्या.  मग हळूच भांडण सुरू झालं. आधी कुणी घ्यायचं? पाटलीणबाई म्हणाल्या, मान आमचा. काकू म्हणाल्या, धर्म आमचा. हरिणी म्हणाली, मी पळत आलेय.

"बायानू," ठकूबाई म्हणाली, "जी आधी आली ती आधी. आन् हळू बोला. तुमचं आत्मे झोपल्यात, जागं व्हतील."

तात्पर्य : मुलांनो, स्वच्छ पाण्यासाठी कधीही भांडू नये. ते कुणाच्या आधी प्यायला मिळतं, यासाठीच भांडावं. पाणी गढूळ असलं तरी चालतं, सोवळं स्वच्छ हवं. आणि घसा अगदीच कोरडा पडला, तर दुपारच्या वेळी बायकोला पाठवावं.